कोमट पिशवी

रक्ताची पिशवी हातात घेतली की गार लागते. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांच्या बोटांना याची इतकी सवय असते की ते त्यांच्या लक्षातही येत नाही. फ्रिजमधून काढलेली, बर्फाच्या डब्यातून आलेली, बाहेरून पाणी सुटलेली पिशवी. रुग्णालय-जहाजावरच्या ऑपरेशन थिएटरात मात्र एखाद्या रात्री येणारी पिशवी कोमट असते. भूलतज्ज्ञ ती उलटसुलट करून नाव, नंबर, गट वाचतो आणि तेवढ्यात तळहाताला कळतं, की हे रक्त अर्ध्या तासापूर्वी कुणाच्या तरी अंगात फिरत होतं. तो कुणीतरी याच जहाजावर, दोन-तीन डेक पलीकडे, पाय उशीवर घेऊन पाणी पीत पडलेला आहे. उद्या सकाळी तो पुन्हा इंजिन रूममध्ये असेल, नाहीतर भटारखान्यात, नाहीतर याच रुग्णाच्या वॉर्डात ड्यूटीवर.

मर्सी शिप्स ही संस्था १९७८ पासून अशी जहाजं चालवते. 'आफ्रिका मर्सी' हे मूळचं डेन्मार्कचं रेल्वेचे डबे वाहून नेणारं फेरीजहाज. ते रुग्णालय म्हणून २००७ पासून काम करू लागलं. 'ग्लोबल मर्सी' मात्र पहिल्यापासून रुग्णालय म्हणूनच बांधलेलं. लांबी १७४ मीटर, सहा ऑपरेशन थिएटरं, सुमारे २०० खाटा. २०२२ मध्ये ते सेनेगलमधल्या डकारच्या धक्क्याला लागलं आणि पुढच्या वर्षी सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला. अशा जहाजावर येणारे रुग्ण वर्षानुवर्षं थांबलेले असतात. चेहऱ्याएवढी वाढलेली जबड्याची गाठ, छातीपर्यंत लोंबणारा गलगंड, जळून आखडलेले हात, नोमा या तोंड कुजवणाऱ्या रोगानं खाल्लेला गाल. चेहरा आणि मान हा शरीरातला फार रक्ताळ भाग. त्यातही वरचा जबडा काढायचा असेल तर सर्जनच्या हातात चिमटा लावून बंद करण्याजोगी एक रक्तवाहिनी नसते, हाडाच्या प्रत्येक छिद्रातून रक्त झिरपत असतं.

त्यात रुग्ण मुळातच अशक्त. मलेरिया, अंकुशकृमी (हुकवर्म), गाठीमुळे धड चावता न येणं, या सगळ्यांनी हिमोग्लोबिन आधीच खाली आलेलं. हिशेब साधा आहे. प्रौढ माणसात किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं. पंचेचाळीस किलोच्या बाईच्या अंगात सव्वातीन लिटरपेक्षा थोडं कमीच. तिचं दीड लिटर गेलं म्हणजे जवळजवळ निम्मं गेलं. पंधरा किलोच्या मुलाचं एकूण रक्तच सव्वा लिटरच्या आत. दात्याकडून घेतलेली ४५० मिलिलिटरची एक पिशवी म्हणजे त्या मुलाच्या रक्ताचा तिसरा हिस्सा आणि वर थोडं. म्हणून मुलांना पिशवीच्या हिशेबात रक्त देत नाहीत, किलोमागे १० ते २० मिलिलिटर असं मोजून देतात. उरलेलं पिशवीत राहतं आणि ते बघताना दात्याला वाईट वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

मग जहाजावर रक्तपेढी का नसते? फ्रिज तर असतोच. तांबड्या पेशी योग्य द्रावणात २ ते ६ अंशांवर ४२ दिवस टिकतात, त्या आणता येतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, उणे १८ अंशांखाली गोठवून वर्षभर ठेवता येतो, पण वितळवायला अर्धा तास जातो. खरी अडचण प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला लावणाऱ्या बारीक पेशींची. त्या सहसा गार ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांवर, हलणाऱ्या ट्रेवर सतत डोलत ठेवाव्या लागतात आणि एवढं करून आयुष्य पाच दिवसांचं. पाच दिवसांत नासणारी वस्तू दुसऱ्या खंडातून मागवायची, विमानतळावरून आणि कस्टममधून सोडवायची आणि ती लागेल की नाही हे आधी माहीत नसताना दर आठवड्याला हे करत राहायचं, हे जमणारं नाही. किनाऱ्यावरच्या सरकारी रक्तपेढीतून घ्यावं, तर तिथे आधीच ओढाताण. जगात जमा होणाऱ्या रक्तापैकी सुमारे ४० टक्के श्रीमंत देशांत जमा होतं आणि तिथे राहतात जगातली १६ टक्के माणसं. उरलेल्यांच्या वाट्यातून बाळंतपणात रक्त वाहणाऱ्या बाईची पिशवी उचलून गलगंडाच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनला वापरणं, हे परोपकाराच्या हिशेबात बसत नाही.

राहतात जहाजावरची माणसं. शेकड्यांनी. खलाशी, परिचारिका, सुतार, शिक्षक, डॉक्टर. त्यांचं रक्त थेट रुग्णाला चढवतात आणि त्यांनाच 'चालती रक्तपेढी' म्हणतात. नाव थोडं गमतीचं आहे, पण कल्पना रक्तपेढीहून जुनी. १९२१ साली लंडनमध्ये रेडक्रॉसच्या कँबरवेल शाखेचे सचिव पर्सी ऑलिव्हर यांना किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातून रक्तासाठी निरोप आला. ते काही सहकाऱ्यांना घेऊन गेले, एकाचं रक्त जुळलं. त्यानंतर त्यांनी कार्डांवर दात्यांची यादी करायला घेतली. नाव, गट, पत्ता, बोलावलं तर किती वेळात येता येईल. 'ब्लड बँक' हा शब्द आला १९३७ मध्ये, शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलात, बर्नार्ड फँटस यांच्याकडून. म्हणजे आधी यादी होती, फ्रिज नंतर आला. जहाज पुन्हा यादीकडे गेलं आहे, एवढंच. फ्रिजमधली पिशवी तपासून, शिक्का मारून ठेवलेली असते. यादीतला माणूस मात्र जेवतो, आजारी पडतो, सुट्टीत किनाऱ्यावर फिरायला जातो. त्यामुळे चालत्या रक्तपेढीतलं बहुतेक सगळं काम रक्त लागण्याच्या आधीच करून ठेवावं लागतं. ते केलेलं नसेल तर त्या रात्री जहाजावर चारशे दाते असूनही पिशवी एकही नसते.

'थेट' या शब्दाबद्दल एक खुलासा हवा. थेट म्हटलं की शेजारीशेजारी दोन खाटा आणि मधे नळी, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. एके काळी खरंच तसं होतं. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी एका बापाच्या मनगटातली धमनी त्याच्या नवजात मुलीच्या पायातल्या शिरेला टाके घालून जोडली होती. मूल वाचलं. पण किती रक्त गेलं हे मोजायची काही सोय नव्हती, बाळाचा रंग बघूनच थांबायचं होतं. १९१४-१५ च्या सुमारास बेल्जियमचे ह्युस्टिन, अर्जेंटिनाचे आगोते आणि न्यूयॉर्कचे लेविसोन यांनी सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही आणि योग्य प्रमाणात ते रुग्णाला बाधतही नाही, हे दाखवलं आणि ती नळी सुटली. आज थेट म्हणजे इतकंच, की रक्त घटकांत वेगळं केलेलं नाही, गार केलेलं नाही आणि काही तासांतच चढवलं. मधे पिशवी असते. ती असायलाच हवी, कारण गट ताडून बघायला आणि क्षणभर थांबून विचार करायला जागा मिळते ती त्या पिशवीतच.

या ताज्या, अख्ख्या रक्ताचा फायदा भावनिक नाही, आकड्यांत दिसतो. एक पिशवी तांबड्या पेशी, एक प्लाझ्मा, एक प्लेटलेट असे तीन घटक जोडून दिले तर प्रत्येकातलं टिकाऊ द्रावण धरून साधारण ६६० मिलिलिटर होतात. त्यात हेमॅटोक्रिट, म्हणजे तांबड्या पेशींचा टक्का, २९, प्लेटलेट मायक्रोलिटरमागे ८८ हजार आणि गोठवणारे घटक ६५ टक्क्यांच्या आसपास. दात्याच्या अंगातून नुकतंच काढलेलं रक्त साधारण ५०० मिलिलिटर, हेमॅटोक्रिट चाळीसच्या आसपास, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि गोठवणारे घटक जवळजवळ पूर्ण. शिवाय साठवलेल्या रक्तात दिवसागणिक पोटॅशियम वाढत जातं आणि पेशींना ऑक्सिजन सोडायला लावणारं २,३-डीपीजी दोन आठवड्यांत जवळपास संपतं. ताज्या रक्तात दोन्ही तक्रारी नाहीत. आणि ते गार नसतं. रक्त वाहून थंड पडलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही, न गोठल्यानं आणखी वाहतं, वाहिल्यानं तो आणखी थंड पडतो. या फेऱ्यात गार पिशवीनं भर पडते, कोमट पिशवीनं पडत नाही.

आता गटाची गोष्ट. इथे शिकलेली माणसंही हमखास चुकतात. 'ओ गट सगळ्यांना चालतो' हे आपण शाळेपासून ऐकलेलं. ते तांबड्या पेशींपुरतं खरं आहे. अख्ख्या रक्तात प्लाझ्माही येतो आणि ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी या दोन्हींविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. ओ दात्याचं अख्खं रक्त ए गटाच्या रुग्णाला दिलं, तर दात्याच्या अँटिबॉडी रुग्णाच्या पेशी फोडू शकतात. म्हणून अख्खं रक्त द्यायचं ते त्याच गटाचं. ए ला ए, बी ला बी, ओ ला ओ. पळवाट एकच. ज्या ओ दात्यात या अँटिबॉडींची तीव्रता कमी आहे, म्हणजे अमेरिकी पद्धतीत टायटर २५६ च्या खाली आहे, तो आणीबाणीत इतर गटांनाही चालवून घेतात. पण हे टायटर रात्री दोन वाजता काढत बसता येत नाही, ते यादीत आधीच लिहिलेलं असावं लागतं.

त्याच गटाचं रक्त हवं म्हटलं की वंशाचं गणित पुढे येतं. पश्चिम आफ्रिकेत ओ गट निम्म्याच्या आसपास आणि बी गट साधारण पाचांत एक. युरोप-अमेरिकेतून आलेल्या माणसांत बी गट जेमतेम दहांत एक. त्यांच्यात ए भरपूर, आरएच निगेटिव्हही सुमारे १५ टक्के, जे या रुग्णांना क्वचितच लागतं. म्हणजे यादी कागदावर भलीमोठी दिसली, तरी बी गटाची हाक आली की बोटांवर मोजण्याइतकी नावं उरतात. अशा वेळी आफ्रिकेतून आणि आशियातून आलेले कर्मचारी यादीचा कणा असतात. नाव नोंदवताना संकोचानं मागे राहणारे अनेकदा तेच. एबी गटाच्या रुग्णाचं तर नाव ऑपरेशनच्या यादीत दिसताच लॅबमधला माणूस दात्यांची यादी उघडून बसतो, आणि जहाजावर एबी दाते दोनच आहेत व त्यातला एक परवा घरी चालला आहे, असं निघालं तर ऑपरेशनची तारीख अलीकडे ओढायची की पलीकडे ढकलायची हे सर्जनइतकंच त्याच्या बोलण्यावर ठरतं.

यादीत नाव घालताना काय बघतात? वजन, साधारण ५० किलोच्या वर. हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम, पुरुषांना काही ठिकाणी १३. मागचं रक्तदान केव्हा झालं; कुठे ५६ दिवसांचं अंतर चालतं, कुठे पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार. पुढे औषधं. मुरुमांसाठी घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन किंवा केस गळू नयेत म्हणून घेतलेलं फिनास्टराइड चालू असेल तर नाही, कारण रक्त घेणारी बाई गर्भार असेल तर तिच्या पोटातल्या बाळाला दोन्ही घातक. ॲस्पिरिनबद्दल एरवी अख्ख्या रक्ताच्या दात्याला कुणी फारसं हटकत नाही, पण इथे रक्त मागितलंय तेच चालत्या प्लेटलेटसाठी. ॲस्पिरिन घेतलेल्याच्या प्लेटलेट मोजल्या तर आकडा झकास येतो, काम मात्र करत नाहीत. डोकं दुखलं म्हणून काल संध्याकाळी घेतलेली एक गोळी दोन-तीन दिवस दात्याला बाद करते. पूर्वी गर्भार राहिलेल्या बाईच्या प्लाझ्मात कधीकधी अशा अँटिबॉडी असतात की त्यांनी रुग्णाच्या फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांची तपासणी झालेली नसेल तर पुरुष दात्याला आधी बोलावणं बरं. आणि नात्यातलं ताजं रक्त नको. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. ताज्या रक्तात जिवंत लिंफोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असतात. दाता रक्ताच्या नात्यातला असला, तर रुग्णाचं शरीर त्या पेशींना परकं म्हणून ओळखत नाही. त्या तिथेच मुक्काम ठोकतात आणि काही दिवसांनी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, मज्जेवर उठतात. रक्ताला २५ ग्रे (हे किरणांचं माप) इतके किरण दिले तर हे टळतं, पण किरण देणारं यंत्र जहाजावर कुठून आणणार? बाहेर गँगवेपाशी, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलापाशी, उभा असलेला भाऊ हात पुढे करून 'माझं घ्या' म्हणत असतो, आणि अनोळखी वेल्डरचं रक्त त्याच्या रक्तापेक्षा सुरक्षित आहे हे त्याला पटवावं लागतं.

मलेरियाचा नियम जहाजावर हास्यास्पद होऊन बसतो. एरवीच्या रक्तपेढ्या मलेरियाच्या देशातून परतलेल्या माणसाला काही महिने रक्त देऊ देत नाहीत. इथे जहाजच त्या देशाच्या धक्क्याला बांधलेलं. हा नियम लावला तर यादी कोरी राहील. मग दाता प्रतिबंधक गोळ्या नेमानं घेतो का, गेल्या काही दिवसांत ताप आला होता का, हे विचारतात, रॅपिड टेस्ट करतात आणि रुग्णाला पुढे ताप आला तर पहिली शंका मलेरियाची घेतात. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे जंतू नाहीत असं नव्हे. त्या पट्टीला दिसायला मायक्रोलिटरमागे शंभर-दोनशे जंतू लागतात आणि संसर्गाला त्याहून फार कमी पुरतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या रॅपिड टेस्टचंही तसंच. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देतात, पण नुकत्याच लागलेल्या संसर्गाचे काही आठवडे त्यांच्या हातून निसटतात. म्हणून दाता जहाजावर आल्या आल्या पूर्ण तपासणी, ठरावीक काळानं पुन्हा, आणि ऐन वेळी रॅपिड टेस्ट, अशी तिहेरी चाळण लावावी लागते. सिफिलिसचा जंतू गारठ्यात काही दिवसांत मरतो. फ्रिजमधल्या रक्ताला ते संरक्षण फुकटात मिळतं, कोमट पिशवीला मिळत नाही.

मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन-तीन नावं राखून ठेवतात. त्यांना काम एवढंच सांगितलेलं असतं: आज दारू नको, ॲस्पिरिन नको, पोटभर जेवा, पाणी प्या आणि जहाज सोडून जाऊ नका. रक्तस्राव सुरू झाल्यावर शोधाशोध करणाऱ्या टीमला पहिली पिशवी मिळायला पाऊण तासाहून जास्त लागतो. दाते तयार ठेवले, तर रॅपिड टेस्ट, रक्त काढणं आणि झटपट क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का ही तपासणी) मिळून त्याआधीच भागतं. भूलतज्ज्ञ अनुभवी असेल तर तो सक्शनच्या बाटलीवर आणि पट्ट्यांच्या वजनावर नजर ठेवून निरोप लवकर धाडतो. उशिरा धाडलेल्या निरोपाची भरपाई सलाईननं करावी लागते, आणि सलाईननं पातळ केलेलं रक्त आणखी वाहतं.

मग सुई. १६ गेजची, म्हणजे चांगली जाड. कोपराच्या आतली शीर बोटानं दाबून बघायची. डोळ्यांना दिसणारी निळी रेघ नव्हे, बोटाखाली उसळणारी. क्लोरहेक्झिडिन आणि स्पिरिटनं तीस सेकंद घासायचं, तीस सेकंद वाळू द्यायचं आणि मग तिथे पुन्हा बोट लावायचं नाही. हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पहिले तीसेक मिलिलिटर बाजूच्या छोट्या पिशवीत जातात. सुईनं कापलेला कातडीचा कण आणि त्यावरचे जिवाणू त्यात अडकतात आणि तपासणीच्या नळ्याही त्यातूनच भरतात. पिशवीत ६३ मिलिलिटर सीपीडीए-१, म्हणजे सायट्रेटचं द्रावण, आधीच असतं. ते ४५० मिलिलिटर रक्तासाठी मापून भरलेलं आहे, त्यात दहा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणून पिशवी काट्यावर ठेवतात. ४५० मिलिलिटर रक्ताचं वजन सुमारे ४७५ ग्रॅम, वर पिशवीचं आणि द्रावणाचं. कमी भरली तर सायट्रेट जास्त होतं, जास्त भरली तर सायट्रेट पुरत नाही आणि गुठळ्या धरतात. दर अर्ध्या मिनिटानं पिशवी हलक्या हातानं कुशीवर वळवायची. हलवणारं यंत्र नसेल तर हे काम एखाद्या उत्साही माणसाकडे येतं, तो दात्याशी गप्पा मारण्यात रंगतो आणि तळाशी काळसर धागे दिसू लागतात. ती पिशवी गेली. पाच ते दहा मिनिटांत पिशवी भरायला हवी. पंधरा मिनिटं ओलांडली, तर नळीत रेंगाळलेलं रक्त गोठण्याच्या वाटेला लागलेलं असतं आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या प्लेटलेट वाया गेलेल्या असतात.

सुई काढण्याच्या आधी, दाता समोर असतानाच, लेबल लावायचं. एवढी एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं व्यर्थ. रात्री दोन दाते शेजारीशेजारी झोपलेले, दोन्ही पिशव्या सारख्याच लाल. कुणीतरी म्हणतो, 'लेबलं टेबलावर नेऊन लावू.' चुकीच्या गटाचं रक्त जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा विज्ञानात नसते, त्या टेबलावर असते. रुग्णाच्या बाजूलाही तसंच. एकाच वॉर्डात सारख्या नावाचे दोघे, भाषा दुभाष्यामार्फत, जन्मतारीख अंदाजानं लिहिलेली. म्हणून नावावर भरवसा नाही, मनगटावरच्या पट्टीतला नंबर खरा. क्रॉसमॅच करताना दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा सीरम एकत्र घालून गुठळ्या होतात का ते बघतात. कार्डावर गट जुळला म्हणून ही पायरी गाळू नये. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला बाँबे गट साध्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतो, आणि त्या माणसाला ओ गटाचं रक्त विषासारखं. तो सापडतो उलट तपासणीत, म्हणजे सीरममधल्या अँटिबॉडी बघताना, आणि क्रॉसमॅचमध्ये.

चढवताना १७० ते २०० मायक्रॉनच्या जाळीचा सेट लागतो. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट हे सलाईनसारखं द्रावण सोडायचं नाही. त्यातलं कॅल्शियम सायट्रेटवर मात करतं आणि रक्त नळीतच धरतं. सोबत फक्त नॉर्मल सलाईन. उलट, तीन-चार पिशव्या भराभर गेल्या की सायट्रेट रुग्णाच्या अंगातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. रक्तदाब उगाच खाली येतो, हृदय मलूल पडतं आणि रक्त गोठायलाही तेच कॅल्शियम हवं असतं. म्हणून कॅल्शियम वेगळ्या शिरेतून द्यावं लागतं. जागा माणूस चुकीचं रक्त गेलं तर कंबर दुखते, धाप लागते, घाबरं वाटतं म्हणून सांगतो. भुलीतला काही सांगत नाही. तिथे खुणा तीनच: कारण नसताना पडलेला रक्तदाब, लघवीच्या पिशवीत उतरलेला लाल रंग आणि आत्तापर्यंत कोरड्या झालेल्या जखमेतून सगळीकडून पुन्हा झिरपायला लागणं. रक्त तिथल्या तिथे बंद करायचं, शीर सलाईनवर चालू ठेवायची, लेबल पुन्हा वाचायचं. जखम झिरपताना बघून आणखी एक पिशवी मागवायची सवय इथे जिवावर बेतते.

वरच्या डेकवर दात्याचं काम संपलेलं नसतं. रक्त देताना कुणी सहसा पडत नाही, पडतात ते उठल्यावर, आणि जहाजावर पडायला जागा वाईट असतात: उभ्या जिन्यांच्या लोखंडी पायऱ्या, चाळीस अंशांची इंजिन रूम. आधी अर्धा लिटर पाणी, नंतर पंधरा मिनिटं आडवं, आणि त्या दिवशी शिडी, दोरखंड, क्रेन, पहारा काही नाही. पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशींना महिना-दीड महिना लागतो. एका पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह गेलेलं असतं, ते भरून यायला आणखी वेळ, बायकांना तर फारच. म्हणून नेहमी हाक ऐकून धावणाऱ्या त्याच चार जणांना सारखं बोलावणं हा अन्याय आहे, भले ते हौसेनं येत असोत.

एक अडचण कुठल्याच यंत्रानं सुटत नाही. जहाज म्हणजे गाव. कुणाला बोलावलं हे सगळ्यांना कळतं, तसंच कुणाला बोलावलं नाही हेही. बी गटाचे सहा जण आहेत हे माहीत असताना पाचांनाच हाक गेली तर जेवणाच्या टेबलावर कुजबुज सुरू होते. न बोलावण्याचं कारण अगदी साधं असू शकतं, गेल्या आठवड्यात ताप होता एवढंच. ते दुसरंही असू शकतं. म्हणून यादी लॅबमधल्या एक-दोघांच्याच हातात असावी, हाक डेकवरच्या लाउडस्पीकरवरून न देता एकेकाला फोननं द्यावी आणि दात्याला 'आज नको' एवढंच म्हणून, कारण न सांगता, मागे फिरण्याची वाट मोकळी असावी. कॅप्टननं किंवा मुख्य सर्जननं स्वतः फोन करू नये. वरिष्ठानं मागितलेलं रक्त ऐच्छिक राहत नाही.

रुग्णाची ओळख दात्याला सांगत नाहीत, पण कळतेच. पाचव्या दिवशी वॉर्डात पट्ट्या बांधलेली बाई भिंतीला धरून चालत असते आणि जेवणाची गाडी ढकलणाऱ्या मुलाच्या कोपराला अजून पिवळट निळा डाग असतो. दोघं एकमेकांना मान हलवून ओळख दाखवतात. तिची भाषा त्याला येत नाही.

न लागलेली पिशवी आठ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली तर अख्खं रक्त म्हणून ३५ दिवसांपर्यंत ठेवता येते. प्लेटलेटचं काम दिवसागणिक मंदावतं, पण तांबड्या पेशी पुढच्या एखाद्या ऑपरेशनला उपयोगी पडतात. बाहेरच राहिली तर २४ तासांनी टाकून द्यायची. लॅबमधला माणूस सकाळी यादी उघडतो, रात्रीच्या दोन नावांपुढे तारीख टाकतो आणि ती नावं पुढच्या तीन महिन्यांसाठी झाकून ठेवतो. आज दुपारी आठवडाभरासाठी आलेले चौघे गँगवेवरून उतरून घरी जातील, त्यात एक बी आहे. संध्याकाळी नवे सहा चढतील. त्यांचं सामान केबिनमध्ये पोचायच्या आत त्यांच्या दंडाला पट्टा बांधून दोन नळ्या भरून घ्यायच्या आहेत.